बिनसोयरा पंच

…न्हाई, न्हाई, च्या नका घेऊ, मी कुठं आग्रह करून राहिलो? पानी बी नका घेऊ. मोजणीला आलेल्या मानसानं कुन्याच पार्टीच्या घरचं पिऊ न्हाई, बराबर हाय तुमचं. मोजणी उद्याची, आन तुमी आजच आलाव — सिंधुची गाडी नको, ह्या शेषेरावाची जीप नको — जळकोटहून यष्टीनं फाट्यावर उतरलाव आन उन्हात येकटेच चालत आलाव जुना दगड हुडकायला. हापिसात बी सांगितलं न्हाई म्हनता? का, तर तिथून बी बातमी फुटते. हाव, फुटते की! शाना मानूस हाव तुमी. बसा, ह्या लिंबाची सावली दोगांची बी न्हाई, सरकारी हाय — हा हा — बसा.

असा कुनाच्याच बाजूचा नसलेला मानूस मी गावात येकच बघितला, साहेब. चांदपाशा. कल्हई करायचा, येशीपाशी किरायाच्या खोलीत ऱ्हायचा, तो आन त्याची अमीरबी, बास. लेकरू न्हाई, नावावर इतभर जमीन न्हाई, गावात सोयरीक न्हाई, भाऊबंद न्हाई. आन म्हनूनच तंटा झाला की सगळे त्याच्याकडं. बिनसोयरा पंच! तीस वर्सं फैसले केले त्यानं, कुनाच्या घरचा पानाचा विडा बी खाल्ला न्हाई. पंचामुखी परमेसर म्हनतात, तसा. पर येक गोष्ट सांगू? फैसला केला की येक मानूस खुश होतो आन येक नाराज होतो. खुश झालेला चार दिसांत इसरतो — नाराज झालेला इसरतो का? न्हाई इसरत. तीस वर्सांत त्याच्यावर नाराज नसलेलं गावातलं येक घर उरलं नव्हतं, साहेब.

आमचं बी त्यानंच केलं, सा वर्सं झाली. मी आन सिंधु — माझ्या चुलतभावाची बायको, भाऊ वारला, येकटीच कसते — दोगं बी गेलो. तो बांधावरून अनवानी चालला, ह्या टोकाहून त्या टोकाला, दोनदा. मंग म्हनला, शेषेराव, हद्दीचा दगड सरकवलाय, तो व्हता तिथं बसवा — हीर सिंधुच्या हद्दीत जाती. मी काय म्हनलं? मंजूर म्हनलं. सगळ्यांदेखत म्हनलं, इचारा कुनाला बी! दुसऱ्या दिवशी सकाळी दगड बसवायचा ठरलं. दुसऱ्या दिवशी दगड बी न्हाई आन चांदपाशा बी न्हाई.

कुठं गेला? आता मला काय म्हाईत कुठं गेला. तेलंगानात गेला आसंल, तिकडं भांडी लई. अमीरबी तीन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसली. गावातून येक मानूस तिच्या संगं गेला न्हाई. कोन जाईल? सोयरा आसता तर गेला आसता. आता देगलूरला बहिनीकडं ऱ्हाती म्हनतात. लई वंगाळ झालं. मला बी झोप येत न्हाई कदी कदी — म्हंजी, मानूस चांगला व्हता म्हनून.

काय? हीर कोरडी पडली तर भांडता कशाला? ते — त्याचं असं हाय साहेब — हक्क हाय तो. बापाची हीर. आन ती सिंधु काय म्हनती? निकाल लागला की पयलं काम, गाळ काढनार! मशीन लावून! गाळ काढायचा व्हय कुठं? बापाच्या हिरीत कुनी बी उतरावं व्हय? म्या सा वर्सं कुनाला उतरू दिलं न्हाई. औंदा पानीच इतकं खाली गेलं, त्याला मी काय करू.

आवो, उठलाव कशाला? तिकडं नका जाऊ, कडा ढासळलीय. आवो साहेब — बरं, बघा. काय दिसनार हाय, चिखल नुसता. काय? घडीव दगड? खूण हाय त्याच्यावर? आसंल की, कुनी टाकला आसंल, पोरंटोरं टाकतात. दोरी?

दोरी हाय व्हय त्याला अजून? मला वाटलं कुजली आसंल. नायलॉन कुजत न्हाई म्हनतात, ते खरं हाय मंग.

फोन ठिवा खिशात, हितं रेंज न्हाई. तुमचं गाव कुठलं म्हनलाव? हिकडं कुनी सोयरंधायरं? न्हाई ना. म्हनूनच तर तुमाला नेमलं.

आन सांगून बी कुनाला आला न्हाईत.