माठाला मेजवानी

चहा नको रे मला, आतडी लगेच रुसतात. कोलायटिसमुळे कांदा, लसूण, तिखट सगळं बंद. एकटीपुरती रोज लौकी शिजवते, म्हणजे तुमचा पुण्याचा दुधी, आणि सालं गच्चीतल्या खताच्या माठात टाकते.

दिवाळीआधी इकडे आमच्या जयेंद्रगंज मोहल्ल्यातल्या शेजारच्या काकू गुलाबासाठी खत न्यायला आल्या. माठात डोकावून म्हणाल्या, "अगं, नुसते लौकीचेच छिलके? तुझ्याकडे कोणी जेवायला-बिवायला येत नाही का?"

"खत पचायला हलकं होतं, काकू," मी हसले.

काकूंना फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोज स्वतःकडची कांद्याची, वाटाण्याची सालं आणून माठात टाकतात. "त्या बिचाऱ्यालाही वेगळं काही मिळू दे," म्हणतात.

"तूही ये एक दिवस, तुझ्यासाठी लौकीच करते," असं मात्र अजून म्हणाल्या नाहीत.