खोलीतली ज्वारी

“वहिनी, तुमची खोली फेल गेली. वायरी काढून राह्यलो मी,” दीर म्हणाले.

“हात लावून तर बघा, भाऊजी!” मोबाइलवर बघून-बघून शिकले अन् शहरातल्या मस्तगडात लोकांना बघायला ही खोली उभी केली मी. फरशीवर प्रोजेक्टरनं उभी ज्वारी डोलते. पाय टाकला की ताटं सळसळत बाजूला होतात. पण आज पहिल्याच दिवशी गावाकडच्या बाया दारातच थबकल्या. म्हणे, “उभ्या पिकात पाय कसा द्यावा?”

“एक बी आत जाईना. बिलकुल फुकट खर्चा!” दिरांनी बटणाकडे हात नेला.

मंग मी असं ओरडले, की बाया पदर खोचून आत घुसल्या अन् दिरांनी बटणावरचा हात मागं घेतला: “माझी ज्वारी काढणीला आली, अन् तुम्ही बांधावर उभ्या राहून बघता व्हय गं?”