उरलेल्या रिंगा

राहू द्या भाऊ, तिकडे ध्यान नका देऊ, ते तसेच बडबडतेत दिवसभर — बसा, खुर्ची घ्या, हाव तीच, एक पाय डुगडुगते तिचा, पण पाडत नाही कोणाले. तुम्ही येसान असं सपनातबी नव्हतं मले. चार महिने झाले लकव्याले, अख्ख्या चिखलीतल्या बिल्डर लोकाइच्या बिल्डिंगा या हातानं उभ्या केल्या, एक जण फिरकला नाही, आन् आज खुद्द हरिओमभाऊ, फळं घेऊन! ऐकलं का हो मिस्त्री, भाऊ आले — पाहा, म्हणले ‘प्लिंथ’. असंच हाये आता. बुलढाण्याचा डॉक्टर म्हणे, बोलायची जागा गेली डोक्यातली, जे शब्द जनमभर तोंडात होते तेवढेच राह्यले. माहं नाव नाही राह्यलं भाऊ. तीस वर्ष खुर्शीदा खुर्शीदा करून डोकं खाल्लं या माणसानं, आता मी समोर उभी राह्यली का म्हणतेत ‘सेंट्रिंग’. पाणी पाह्यजे तरी सेंट्रिंग, उशी पाह्यजे तरी लिंटल, काहीच नको असलं तरी लिंटल. पहिल्या महिन्यात मी लय हसली, खोटं कायले सांगू — म्हणलं अल्ला, एवढी अख्खी बिल्डिंग ठेवली याच्या डोक्यात, त्यात माह्यासाठी एक खोली ठेवली असती तं काय बिघडलं असतं? मंग हसू यायचंच बंद झालं.

आणखी काय बोलतेत? सांगतलं न — बीम म्हणतेत, स्लॅब म्हणतेत, फुटिंग म्हणतेत. चहा टाकू का? नको? बरं. मले सगळं समजते भाऊ, मिस्त्रीची बायको म्हणजे नुसती रोट्या थापते असं नका समजू. कॉलम म्हणजे काय, बीम त्याच्यावर कसा बसते, सळईले सिमेंटचं कव्हर काऊन सोडा लागते — मी या अंगणात शिकली. रिंगा मीच वाकवायची त्याइच्या. हाव, हाताने! ती जाडी फळी दिसते न भिंतीले टेकवलेली, तिच्यावर खिळे ठोकलेले, तिच्यात सळई अडकवायची आन् पाइपानं पिळायची, चार वाकणं आन् शेवटी आकडा — तयार रिंगा बजारात भेटतेत आता, पण मिस्त्री म्हणे, तुह्या रिंगेचा काटकोन कारखान्यातबी होत नाही. इतकं म्हणलं का मी दिवसभर वाकवत बसायची येड्यासारखी. कॉलमच्या उभ्या सळया कितीबी जाड असू द्या, भोवती बांधून धरणाऱ्या रिंगा नसल्या का वजनानं पोट फुगवून बाहेर येतेत — हेबी त्याइनंच सांगतलेलं. तुम्हाले काय सांगू राह्यली मी, तुम्ही तं बिल्डर.

दुसऱ्यांदा इचारलं तुम्ही, आणखी काय बोलतेत म्हणून. मुबीनानं सांगतलं का तुम्हाले? सांगतलंच असन, भोळी हाये पोरगी. काल दुकानात म्हणली असन, काका, अब्बू मी निघाली का ‘रिंगा, रिंगा’ करतेत. हं. म्हणून आले तुम्ही. मंग ऐका. बाकीचे शब्द ते कोणालेबी म्हणतेत, कव्वा दिसला तरी कॉलम म्हणतेत. पण ‘रिंगा’ हा शब्द मले नाही, पोराले, मोईजले नाही, नातेवाइकाइले नाही — एकट्या मुबीनाले. ती सकाळी डबा घेऊन दुकानावर निघाली का तिची ओढणी धरतेत चांगल्या हाताने, आन् रिंगा रिंगा, तोंडातून लाळ गळते, डोळ्यातून पाणी गळते, आन् पोरगी बिचारी हात सोडवते, कपाळाचा मुका घेते आन् जाते. कुठी जाते? तुमच्या कॉम्प्लेक्समधी. खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाचा गाळा, तिच्या मशीनीच्या मांगं कॉलम हाये. आज सकाळी जेवता जेवता म्हणे, अम्मी, त्या कॉलमले खालून चीर गेलती, बोट जाये आत, काकाच्या माणसानं पुट्टी भरून रंग मारून देला, आता चांगला दिसते. माह्या हातातला घास हातातच राह्यला भाऊ.

काऊन? आता मलेच इचारता काऊन? वर गच्चीवर चला, दाखवते. तुमच्या त्या खालच्या मजल्याले अठरा कॉलम, सहा-सहा इंचावर रिंग, मी साडेचारशे वाकवून देल्या होत्या, मोजून, गठ्ठे बांधून. आन् काम झाल्यावर दोनशेच्या वर रिंगा ऑटोत टाकून घरी परत आल्या. इतक्या कशा उरल्या, ते मले इचारायची गरज नव्हती. मिस्त्रीनं गठ्ठे गच्चीवर नेऊन टाकले. वालाच्या येलाचा मांडव केला मी त्याइचा! सांगा, कोण बाई असं करन? जिले रिंग म्हणजे काय ते समजते, तिनं मांडव केला.

नाही, मधात नका बोलू. मले माहीत हाये तुम्हाले दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता, रिंगा बांधाले टाइम लागते, इंजिनिअर साहेब गावाले गेलते. मिस्त्रीनं नाही म्हणलं होतं तुम्हाले. दोन दिवस कामावर गेले नाही, इथीच बसून राह्यले होते, या पायरीवर. मंग तुम्ही फोन केला का रिंगा फुटाफुटावर बांध, तुह्या मुबीनाले कोपऱ्यातला गाळा देतो, शिलाईचं दुकान टाकू दे पोरीले. आन् मी — मी बाजूले उभी होती भाऊ. मीच म्हणलं, मोठे लोकं हायेत, ऐका न त्याइचं, एवढ्या बिल्डिंगा उभ्या हायेत गावात, कोणती पडली? पोरीचं भलं होऊन राह्यलं आन् तुम्ही इंचाइचा हिशोब करता? असं म्हणली मी. याच तोंडानं. तलाक घेऊन घरी आलेली पोरगी, तिले तिच्या पायावर उभी पाहायची हाव सुटली होती मले. मंग मिस्त्री उठले, चप्पल घातली आन् कामावर गेले. ज्या कॉलमपासून पोरीले दूर ठेवा लागत होतं, त्याच्याच बुडाले नेऊन बसवली आम्ही दोघाइनं.

रडत नाही मी. डोळे असेच झाले आता. कॉलमले बाहेरून जाळी-सिमेंटचं जॅकेट घालता येते म्हणे, मिस्त्रीनंच दुसऱ्या एका बिल्डिंगले घातलं होतं. घाला. सगळी दुकानं रिकामी करा आन् अठराच्या अठरा कॉलमले घाला. पाहता येईन? पाहता येईन म्हणजे? मले नका सांगू, त्याइले सांगा. जा, खाटेजवळ जा, त्याइच्या डोळ्यात पाहून म्हणा, का वाहेदमिस्त्री, पोरीले काही होत नाही. जा न!

मिस्त्री, हरिओमभाऊ बोलून राह्यले तुमच्याशी, इकडे पाहा — अगं माय, हे काय? लकव्याचा हात चांगल्या हातानं उचलून जोडून राह्यले तुम्हाले. हात कायले जोडता हो? काय म्हणले? पुन्हा म्हणा. — ‘हाव भाऊ.’

ऐकलं तुम्ही? ‘हाव भाऊ, हाव भाऊ.’ चार महिन्यात या माणसाले पाणी मागता आलं नाही. पोरीले जाऊ नको म्हणता आलं नाही. अल्ला. निघा भाऊ. निघा म्हणलं न, हात नका लावू त्याइले! कोकिळाताई, ओ कोकिळाताई, जराक येऊन बसा वो मिस्त्रीपाशी, मी मुबीनाले दुकानातून आणाले चालली.