विज्ञान मासिकातला अधिकृत ढ

हैदराबादेतल्या समस्त मराठी जनांस जड अंतःकरणानं कळवतो की या शहरातलं एक अत्यंत जबाबदारीचं पद धोक्यात आलंय, ते पद म्हणजे आमच्या विज्ञान मासिकातला ढ माणूस, आणि तो ढ माणूस म्हणजे मी, रंगनाथ. हसू नका.

आमचे वडील बिदरकडचे, शेती सोडून मलकपेठेत आले. मी दहावीला विज्ञानातच नापास झालो, आणि नेमक्या त्याच गुणावर नल्लकुंट्यातल्या मासिकाच्या कचेरीत नानांनी मला ठेवून घेतलं. नाना म्हणजे मासिक सुरू करणारे, गेले आता. त्यांचा नियम असा, की प्रयोग छापायच्या आधी कचेरीतल्या सगळ्यात ढ माणसानं तो नुसता वाचून करायचा, कोणी मदत करायची नाही, जमला तर छापायचा, नाही जमला तर लिहिणाऱ्यानं पुन्हा लिहायचा. काय सांगू तुम्हाला, मोठमोठे प्रोफेसर माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. छपाईचे खिळे जुळवायचे दिवस गेले, कॉम्प्युटर आला, वाचणारे म्हातारे झाले, त्यांची पोरं तेलुगू अन् इंग्लिश वाचतात, पण मासिक बंद पडलं नाही, आणि माझं पदही हललं नाही.

मग पाण्यात अंडं तरंगवायचा प्रयोग छापला. मी स्वतः केला होता, मस्त तरंगलं होतं. तर फोनावर फोन, की आमची अंडी बुडतायत. मी म्हटलं अंडीच तसली असतील, आजकाल कशाचा भरोसा आहे. पण तेव्हापासून सुमतीबाई, म्हणजे नानांच्या सूनबाई, आता संपादक त्याच, मला प्रयोगच देईनात. वर त्यांचे नवे जावई दिलसुखनगरहून यायला लागले, बँकेतला माणूस, मराठी एकेक अक्षर लावत वाचणारा, त्याचं इथं काय काम? आले की आतल्या खोलीत, दार बंद. मला वाटलं झालं, जागा बघतायत, इथं कोचिंग क्लास काढणार, मासिक जाणार आणि मीही. चहाच्या निमित्तानं दाराला कान लावला, तर आत बाई म्हणतात, नाही जमत ना, छान, अगदी छान. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही?

परवा राहवलं नाही, दार ढकललं नि गरजलो, बाई, मासिक विकलंत का? तर जावईबापू बाह्या सारून उभे, शर्ट ओला, समोर बादली, हातात आमच्याच पुढच्या अंकाचं पान. म्हणजे मासिक जागेवर होतं, गेलो होतो तो मीच. मी म्हटलं, माझ्या जागी ह्यांना बसवलंत? जावई म्हणतात, हौ अंकल, घ्या परत, नक्को मला, घरी सगळे हसतात. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं काय ते तरी सांगा. बाई म्हणाल्या, अंड्याच्या प्रयोगात मीठ घाला हे लिहायचंच राहिलं होतं, आणि तुम्ही आपलं मूठभर मीठ टाकून मोकळे. मी म्हटलं मग, मिठाशिवाय अंडं तरंगेल कसं? तेव्हा मात्र बाईंना आवरेना, जावयासमोरच ओरडल्या, रंगनाथराव, हुशार झालात हो तुम्ही, आता तुमचा काय उपयोग!