डिझेलले ठिणगी लागत नाही

पांढुर्ण्याहून सौसरला निघालेल्या बसमध्ये मागच्या सीटवर बाप-लेक बोलत होते. पुढच्या सीटवर बसलेल्या कमलबाईंचे कान तिकडेच लागले होते.

“प्रज्ञा, वर्कशॉपवाल्यानं काय विचारलं?”

“डिझेल इंजिनाले स्पार्क प्लग काहून नसते म्हणे.”

“मंग?”

“म्या सांगतलं, पेट्रोलचं इंजिन हवा दहाच पट दाबते, त्याले ठिणगी लागते. डिझेलचं हवा अठरा पट दाबते. ते हवाच इतकी तापते का डिझेल आपोआप पेटते.”

“मंग?”

“हसले. घोकून आली म्हणे, इंजिन खोलता येते का?”

“मंग?”

“खोललं! अन् जोडून चालूबी केलं!”

“मंग?”

“सोमवारपासून कामावर ये म्हणे, बाबा!”

बाप ताडकन उठला. “कंडक्टर साहेब, बस थांबवा! पेढे घ्याचे हायेत!”

“इथं कुठं थांबवू, काका?”

“अहो, थांबवा ना!” कमलबाई ओरडल्या. “पोरीले नोकरी लागली!”