दोन मशिनींच्या मधे

—नाही, नाही काकू, पराग आला नाही म्हणून मी चिडलो असं काहून वाटलं तुम्हाले? नवी नोकरी आहे तुमच्या पोराची, कंपनीची गाडी येते घ्यायले—येईल सवडीनं. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे पलंगावर बसा. घरून, थेट बूढापाऱ्याहून पायी आल्या एवढ्या उन्हात? पाणी घ्या.

काय झालं म्हणजे? परागनं सांगितलं असेल ना घरी. नाही सांगितलं? बरं—मग ऐका, सोपं आहे. राज्य नवं, मंत्रालय नवं, तिथले साहेब म्हणाले, प्रत्येक कॉलेजात कॉम्प्युटरची खोली करू—पोरांनी आपलं नाव अन् पासवर्ड टाकायचा, इंटरनेट सुरू. राज्याच्या पार टोकाची, जशपूरची पोट्टी असो की इथली, सगळ्यांले फुकट. आता नाव खरं की खोटं हे तपासायचं काम माझ्या मशीनचं. ती लिनक्सवर चालते, म्हणजे फुकटच्या सिस्टिमवर—मुद्दाम तेच घेतलं मी, काकू, नव्या राज्यानं पहिल्याच दिवशी कोणापुढे हात काहून पसरायचा? पण पोरांची सगळी नावं पराग तेव्हा सांभाळायचा त्या मशीनमध्ये, अन् ती विंडोजवाली. दोघींची भाषा वेगळी. ही विचारते ते तिले कळतच नाही. मग मी मधे एक प्रोग्राम बसवला, दुभाष्यासारखा—इकडचा प्रश्न तिकडे नेतो, तिकडचं उत्तर इकडे आणतो. सगळे म्हणत होते, जमणार नाही. जमलं! पहिल्यांदा तिकडून ‘हो’ आलं तेव्हा मी अन् पराग तात्यापाऱ्याच्या चौकात नाचलो, भर बाजारात—तुम्हीच ओरडल्या होत्या ना आम्हाले, घोडे झाले तरी अक्कल नाही म्हणून?

अन् मग मंत्रालयात दाखवायचा दिवस. समोर साहेब, अधिकारी, ती कंपनी पण—हो, तीच, जिथं आता पराग नोकरीले आहे. त्यांले सगळं आपलंच विकायचं होतं, वर दर पोरामागे दर महिन्याले पैसे. साहेबांनी स्वतः एका पोट्टीचं नाव टाकलं, तर मशीन म्हणे— नाही. दुसरं टाकलं. नाही. जे टाकलं त्याले नाही! कंपनीवाला हसून राहिला—“दो अलग सिस्टम हैं सर, कभी जुड़ते नहीं.” मी परागकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहून राहिला होता. असो—मशीन आहे, रुसते कधी कधी. दोष कोणाचा? कोणाचाच नाही. मी तेच सांगतो सगळ्यांले. उद्या त्या कंपनीच्या करारावर सही आहे. होऊ द्या.

काय म्हणाल्या?

नाही, पुन्हा म्हणा. पासवर्ड बदलल्याचं साहेबांले सांगू नको?

मी कुठं म्हणालो काकू, पासवर्ड बदलला म्हणून? मी तर म्हणालो मशीन रुसली. आत्ताच म्हणालो ना—याच पलंगाजवळ उभं राहून? बदलल्याचं मी कोणाशीच बोललो नाही. आईशी पण नाही.

हो, बदलला होता. माझ्या त्या प्रोग्रामले परागच्या मशीनमध्ये शिरायले एक पासवर्ड लागतो, अन् तो आम्हा दोघांलेच माहीत. मी म्हणत होतो, माझ्यासाठी वेगळा बनव—तर हसून म्हणे, “अपने बीच दो-दो काहे के लिए, पुष्कर भाई?” आवडलं होतं मले ते. खरंच आवडलं होतं, मूर्खासारखं. त्या दिवशी सकाळी त्यानं तो बदलला, अन् मग माझ्याच शेजारी बसून चहा प्यायला, म्हणे टेन्शन घेऊ नको. साहेब माझ्याकडे पाहून राहिले होते अन् मी माझ्याच प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो—रात्री मशीनच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं, पासवर्डच चालत नव्हता.

म्हणजे घरी सांगितलं त्यानं. सगळं सांगितलं. अन् तुम्हाले पाठवलं—की तुम्हीच आल्या? नका सांगू. खाली नका पाहू काकू. तुम्हाले काय वाटलं, मी इतके दिवस त्याच्यासाठी गप्प होतो? दोस्तीसाठी? दोस्ती तर त्याच दिवशी संपली. मी तुमच्यासाठी गप्प होतो. वाटे, काकूले कळलं तर तिले घास गिळवणार नाही, चार लोकांत मान वर करता येणार नाही—अन् तुम्हाले तर ठाऊकच होतं. ठाऊक असून इथं बसून मलेच विचारलं, काय झालं म्हणून.

नाही, मले हात नका लावू. उठा तुम्ही. सही उद्या आहे, साहेब आज पाच वाजेपर्यंत मंत्रालयात बसतात, अन् मले खोलीले कुलूप लावायचं आहे.