गरुड दिसेपर्यंत

हॅलो?… हॅलो, मावशी? थांब हं, एक मिनिट. हातमोजा काढते, मातीनं भरलाय… हं. बोल आता.

नाही, घरी नाही. मळ्यात आहे… अगं मळा म्हणायचं आपलं. तुझ्या स्वयंपाकघराएवढा वाफा आहे. पालिकेकडून वर्षभरासाठी मिळालेला… हो हो, तोच. सायकलवरून येते ना मी, तो.

वाऱ्याचा आवाज आहे तो… मे महिनाच आहे मावशी, मला माहीत आहे. तिकडे पंखे फिरतायत, इथे मी कानटोपी घालून उभी आहे. जपानच्या या उत्तर टोकाला, मोरिओकात, मे असाच असतो… हो, तूच विणलेली. जांभळी.

हो, चुकलंच. इतके दिवस फोन उचलला नाही… नाही गं, आजारी नाही. भूकंपही नाही. परवा एक बारकासा झाला, दिवा जरा हलला आणि थांबला. त्यानं कुठे फोन बंद पडतो?… लॅबमध्ये काम होतं…

…

बरं. नव्हतं काम.

ऐक ना. सांगतेच आहे. तू बसलीयेस का?… काकांना करू दे चहा. जमतो त्यांना. साखर कमी पडेल एवढंच. तू बस.

मावशी, ती रोपं गेली.

अक्षय तृतीयेला लावलेली… सगळी. काकडी, भोपळा, टोमॅटो. एकही राहिलं नाही. लावल्यावर आठवडाभर छान होती. मग एका रात्री आभाळ मोकळं झालं, वारा पडला आणि दंव गोठलं. सकाळी येऊन बघते तर पानं काळी. उकडलेल्या पालकासारखी, लिबलिबीत.

नाही, नाही. तुझा काय दोष? तू फक्त आठवण करून दिलीस. मी तरी विसरले असते का? आई गेल्यानंतरची पहिलीच अक्षय तृतीया. ती दर वर्षी गच्चीवर त्याच दिवशी बी टोचायची आणि आजीच्या नावानं तांब्याभर पाणी त्याच आळ्यात ओतायची. मी लहान असताना तिला विचारलं होतं, आजीला पाणी देतेस की भोपळ्याला? तर म्हणाली, दोघांनाही तहान लागते… हो ना? तुलाही सांगायची ना?

…

मावशी, असं नको ना म्हणू. 'पाणी पोचलं नाही', असं नको म्हणू… बघ. म्हणूनच फोन उचलत नव्हते. तू हेच म्हणणार, हे मला माहीत होतं. आणि तू म्हणालीस की मलाही तेच वाटत राहणार. तशी विज्ञान शिकलेली आहे मी, दिवसभर पेशींचे काप काढून भिंगाखाली बघते. पण त्या सकाळी ती काळी पानं बघून माझ्याही मनात तेच आलं. ती गेली तेव्हा मी विमानात होते. पोचले तोवर सगळं झालं होतं, तुम्ही सगळे आंघोळी करून बसला होतात. तिच्यासाठी माझ्या हातानं असं एवढंच झालं होतं. आणि तेही आठवड्यात…

नाही, रडत नाहीये. झालं रडून. आता ऐक, पुढचं चांगलं आहे. त्यासाठीच फोन घेतला आज.

ओनोदेरा-सान आठवतात का? मागे सांगितलं होतं… शेजारच्या वाफ्याच्या आजी. सत्तरीच्या असतील… हां, त्याच. किनाऱ्यावरच्या गावात केस कापायचं दुकान होतं त्यांचं. त्सुनामीत दुकान गेलं, वर घर होतं तेही गेलं. आता इथे लेकीकडे राहतात… यजमान सापडले नाहीत त्यांचे… नाही. तीन वर्षं झाली. अजून नाही.

त्यांचाही हा पहिलाच वाफा. समुद्राकाठी आयुष्य गेलं, माती कशाला उपसतील? मासळी आणि लोकांचे केस, असं त्या म्हणतात. माझेही कापून दिले गेल्या महिन्यात, इथेच, या बाकावर बसवून… छान कापलेत गं. आखूड आहेत. फोटो पाठवते. ओरडू नकोस.

तर. इथे वाफ्यासमोर एक डोंगर आहे. इवाते. खूप मोठा आहे, अजून बर्फ आहे त्याच्यावर. उन्हाळा जवळ आला की बर्फ वितळत जातो, आणि मग एक दिवस असा येतो की उरलेल्या बर्फाचा आकार गरुडासारखा दिसतो. पंख पसरलेला गरुड… हो, खरंच. आणि इथली माणसं म्हणतात, गरुड दिसेपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत.

मला ना? सगळ्यांनी सांगितलं होतं! दुकानातल्या मुलीनं रोपं देताना सांगितलं. लॅबमध्ये सांगितलं. पलीकडच्या वाफ्यातले एक आजोबा तर डोंगराकडे बोट दाखवून मान हलवत होते. मी सगळ्यांना हसून म्हटलं, आमचा दिवस ठरलेला आहे… हो, आहेच मी आईची मुलगी. पुण्याचं पंचांग घेऊन बर्फाच्या डोंगराखाली लागवड करायला निघाले. निदान लोक करतात तशी प्रत्येक रोपाभोवती प्लास्टिकची पिशवी तरी उभी करायची, चार काड्या रोवून. तीही नाही केली. म्हटलं, आई कुठे पिशव्या लावायची?

हस. हस तू.

ओनोदेरा-सान तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आजच का? मी म्हटलं, आज आमच्याकडे गेलेल्या माणसांना पाणी देतात. आई त्याच पाण्यावर वेल लावायची. त्या म्हणाल्या, आई कधी गेली? म्हटलं, नोव्हेंबरमध्ये… बस, एवढंच बोलणं झालं. त्यांनी सामान आवरलं, सायकलवर बसल्या आणि गेल्या. मला वाटलं, थंडी वाजली असेल. माझी पहिली ओळ लावून होतेय तर या परत, सायकलच्या टोपलीत रोपांचा ट्रे. माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनीही लावली. काकडी, टोमॅटो, वांगी. मी झारीनं पाणी घातलं, आईचं नाव घेतलं मनात. त्यांनीही घातलं.

…

बरोबर. त्यांचीही गेली. सगळी.

मलाही तेच वाटलं, की त्यांनाही माहीत नसणार. दोघी नवख्या. त्या सकाळी मी त्यांच्यापुढे वाकून माफी मागत होते, की माझ्या दिवसापायी तुमचीही रोपं गेली. जपानीत माफी मागायचे जेवढे प्रकार येतात ते सगळे करून झाले. त्या उभ्या होत्या, एक काळं पान हातात घेऊन. म्हणाल्या, माझी सासू शेतकऱ्याच्या घरातली होती. गरुड मला ठाऊक आहे.

…

हो. त्यांना माहीत होतं. लावतानाच माहीत होतं, की ही जाणार.

मग मी विचारलं, का लावलीत मग?… थांब, सांगते… काही नाही गं, वारा आहे.

त्या म्हणाल्या, तू एकटीच लावत होतीस.

…

…

हो. एवढंच.

आणि मग म्हणाल्या, मलाही पाणी द्यायचं होतं. थडगं बांधलंय, पण त्यात कोणी नाही. समुद्राकडे बघवत नाही. कुठे द्यायचं ते कळत नव्हतं. तू म्हणालीस, मातीत देतात. ते मला बरं वाटलं.

मावशी? आहेस ना?… हं. मला 'अरिगातो', आभारी आहे, एवढं म्हणायचंही सुचलं नाही. इथे लोक उठता-बसता म्हणतात, आणि नेमकं तेव्हा मला सुचलं नाही.

अगं, अजून संपलं नाही. त्या दिवशी त्या सायकलवरून गेल्या होत्या ना, तेव्हा दुकानातून दुप्पट रोपं आणली होती. माझ्याही वाटची. अर्धी लावली आणि अर्धी लेकीच्या घरात, खिडकीत ठेवली. लेक ओरडत होती म्हणे, पडदा लावता येत नाही म्हणून. मी विचारलं, दुप्पट का? तर म्हणाल्या, एक तुझ्या दिवसाची, एक डोंगराच्या दिवसाची.

हो ना? मीही घोकत बसले आहे तेव्हापासून.

आज सकाळी त्यांचा फोन आला. 'विभा-सान, डोंगर बघ.' मी रात्रीच्याच कपड्यांवर कोट चढवून गॅलरीत गेले… दिसतो! म्हणजे, खरं सांगू का? मला आधी कोंबडी दिसली. पंख पसरलेली, जरा चिडलेली कोंबडी… अगं हो, देवाशपथ. त्यांना सांगितलं तर इतक्या हसल्या, म्हणाल्या, तीन वर्षांत या डोंगरानं मला पहिल्यांदा हसवलं.

त्या इथेच आहेत आता. खड्डे करून झालेत, माझी वाट बघतायत… नाही, घाई नाही म्हणतायत. हातानं खुणावतायत, बोल बोल. मावशी कोण ते समजावून सांगितलंय त्यांना.

आणि अजून एक सांगायचं राहिलं. मुख्य तेच… मिसळणाचा डबा आठवतो? दोन वर्षांपूर्वी आई इकडे आली होती, तेव्हा कोबेला गेलो होतो आम्ही. तिथल्या भारतीय दुकानातून सगळं आणून तिनं तो भरला होता. हळद, मोहरी, सगळं मी संपवलं, परत भरलं. मेथीच्या वाटीला तेवढा हात लावला नाही. तिनं भरलेलं शेवटचं तेवढंच उरलं होतं. लोणच्याला मेथी नाही, आमटीला मेथी नाही. नुसती वाटी ठेवून दिलेली… हो, वेडेपणा. मला कळत होतं.

अक्षय तृतीयेला ती वाटी पुडीत रिकामी करून खिशातून घेऊन आले, आणि भोपळ्याच्या आळ्याभोवती टाकले दाणे. दंवानंतर मी तिकडे बघितलंही नाही. मेले असतील असंच धरून चालले. परवा ओनोदेरा-सान म्हणाल्या, हे कुठलं गवत आहे, उपटू का?

उगवली मावशी! सगळी उगवली. दाट. आळ्याला गोल धरून. दंव तिच्यावरूनही गेलं असेल, तिला काही वाटलंच नाही… हो, बरोबर, थंडीतलीच भाजी. तुला लगेच आठवलं. पुण्यात हिवाळ्यात मेथी निवडत बसायचो आपण तिघी, पेपरवर ढीग घेऊन. मला तेव्हाही काड्या काढायचा कंटाळा.

बोटभर उंच झालीय. ओनोदेरा-सानना एक पान दिलं चाखायला. तोंड असं केलं त्यांनी… आणि मग वाकून अजून दोन तोडली.

…

हो. मलाही तसंच वाटतं.

पोचलं म्हण… हो, पोचलं. तूच म्हण, मी ऐकते… हं.

बरं आता डोळे पूस, काका विचारतील काय झालं… काय म्हणतायत?… त्यांना सांग, एवढ्याशा मेथीचं थालीपीठ नाही होत. अजून थोडी वाढू दे. पण पहिली जुडी झाली की फोटो पाठवीन, त्याच्याकडे बघत त्यांनी साधी पोळी खायची.

ओनोदेरा-सानना काय पाठवू म्हणतेस?… बिया नको हं, बिया मुळीच नको. परवानगीशिवाय चालत नाही इथे, विमानतळावरच काढून घेतील… साडी? त्या काय करतील साडीचं?… कानटोपी! हो, कानटोपी चालेल. जांभळीच विण. त्यांना आवडते माझी, सारखं बघत असतात.

थांब, काहीतरी विचारतायत त्या…

…

मावशी, आता तूच सांग. सगळी रोपं लावली की पहिलं पाणी कोणाच्या नावानं, असं चाललंय. त्या म्हणतात, आधी तुझी आई. मी म्हणते, आधी तुमचे यजमान. त्या वाकतायत, मी वाकतेय, झारी मध्येच. हे आज संध्याकाळपर्यंत चालेल, इथे असंच चालतं…

काय?… परत बोल, वारा आहे…

…

हो. हो गं. खरंच की.

आईनं पाहुण्याला कधी मागे नाही बसवलं. स्वतः शेवटी, उभ्या उभ्या जेवायची. आधी पाहुण्याचं पान… सांगते त्यांना. हेच सांगते, अगदी असंच. ओनोदेरा-सान तीन वर्षं कुठे पाणी द्यावं म्हणून थांबल्यात, त्यांच्या माणसाचं पान आधी. आई त्यांच्याशेजारी बसेल. तिला सोबत आवडते.

ठेवते आता. झारी जड आहे, दोन्ही हात लागतात…

हो, टोपी घातलीय.

हो मावशी. पाणी घालताना तुझंही सांगते आईला.